जावयाच्या खांद्यावर सायकल

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. ज्यांना माहीत नाही ती माणसं सुखी आहेत, पण पुढचं कळायचं तर त्यांचं सुख थोडं मोडावंच लागेल. सायकल घ्यायची, चांगला रस्ता सोडायचा आणि नांगरट, चिखल, ओढा, बांध असं जे जे शहाणा माणूस टाळतो त्यातून ती हाणायची. जिथं हाणता येत नाही तिथं उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. म्हणजे अर्धा वेळ आपण सायकलवर आणि अर्धा वेळ सायकल आपल्यावर. हे चाळीस मिनिटं चालतं. पहिला माणूस अख्खा एक फेरा जास्तीचा मारून मागून आपल्याला गाठतो, तेव्हा पंच शिट्टी फुंकून आपल्याला बाहेर काढतात. माझा या खेळातला अनुभव मुख्यतः त्या शिट्टीचा आहे.

मी मूळचा मुखेडचा, नांदेडला एका हायस्कुलात गणित शिकवतो. वय अठ्ठेचाळीस, पोट त्याहून मोठं. गणिताचा मास्तर असल्यामुळे फेकाफेकीसुद्धा मी मोजूनमापून करतो. खऱ्याच्या तिप्पट, त्याच्यावर नाही. गेल्या वर्षी मात्र माप चुकलं. पुण्याजवळच्या एका शर्यतीत पंचेचाळीस वर्षांवरच्या गटात मी तिसरा आलो. यातला एकही शब्द खोटा नाही. गटात तिघंच होतो. पहिले दोघं शर्यत संपवून, तोंड धुऊन, भेळ खाऊन बसले तेव्हा मला शिट्टी लागूनही बराच वेळ झाला होता. पण बक्षिसाच्या ठोकळ्याला पायऱ्या तीन, आणि तिसरी रिकामी बरी दिसेना म्हणून मला वर चढवलं. गळ्यात पदक घातलेला तो फोटो मी सासरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘तिसरा.’ बास. बाकीचं सगळं सासरवाडीनं केलं.

दुसरी चूक तोंडाची. लातूरच्या सायकलवाल्या मित्रांना शर्यतीसाठी जागा हवी होती. मी म्हणालो, माझ्या सासरवाडीच्या गायरानासारखी जागा आशिया खंडात नाही. त्यांनी ते खरं धरलं. बायकोच्या गावात, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर, मला तीच शर्यत पळायची होती. नाव दिलं होतं, मागे फिरायला वाट नव्हती.

शुक्रवार, नांदेड सोडताना

निघाल्यापासून पोटात जो गोळा आला तो लोह्यापर्यंत नारळाएवढा झाला होता. तिथं चहाला थांबलो तर कप बशीत असा वाजायला लागला की टपरीवाल्यानं मान वर करून पत्र्याकडं पाहिलं, त्याला पाऊस आल्यासारखं वाटलं.

बायको, महानंदा, गाडी चालवत होती. खरी गोष्ट तिला एकटीला माहीत. चिखलाचे कपडे तिनंच धुतले होते आणि कपड्यांत तिसऱ्या नंबराएवढा चिखल नाही, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

“आप्पांना सांगून टाका की एकदाचं,” ती म्हणाली. “काय खाणारेत का ते?”

“त्यापेक्षा मी गोदावरीत उडी मारतो.”

“गोदावरी मागं राहिली. आधी सुचायचं होतं.”

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर, कपाळावर भस्माचे तीन सरळ पट्टे, गावात कापडाचं दुकान. आप्पा मोजताना कापड ताणून धरत नाहीत आणि फाडताना चार बोटं जास्तीचं सोडतात, एवढ्या एका गोष्टीवर पंचक्रोशीतले लोक शहरातली दुकानं सोडून त्यांच्याकडं येतात. त्यांनी मला आजवर एकच शिवी दिली आहे, तीही लग्नात, घोड्यावरून उतरायला उशीर केला म्हणून. अशा माणसाला ‘तिघांत तिसरा’ हे कसं सांगायचं, या विचारात अहमदपूर कधी गेलं ते कळलं नाही.

गाव दोन किलोमीटर राहिलं तेव्हा मी गाडी बाजूला घ्यायला लावली. मागची सायकल काढली, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि सदरा पाठीला चिकटेपर्यंत चोळला.

“लाज?” महानंदा म्हणाली.

“मी काही बोलणार नाही. कुणी विचारलं तरच.”

कुणी विचारलं नाही. वेशीत पोचलो तर पारावरची माणसं उठून उभी राहिली, “नांदेडहून सायकलीवर आले बगा!” असं आपसात बोलली आणि विषय संपला. मी फक्त धापा टाकल्या. धापा खऱ्या होत्या. दोन किलोमीटरसुद्धा मला पुष्कळ होतात.

आणि मग तो फ्लेक्स दिसला. वेशीच्या कमानीएवढा. मधोमध मी, गळ्यात पदक, गाल नेहमीपेक्षा गुलाबी. वर ठळक अक्षरात, ‘महाराष्ट्रात तिसरे! गावचे लाडके जावई’. खाली शुभेच्छुकांचे एकोणीस फोटो, प्रत्येकाच्या डोळ्यावर काळा चष्मा. पुण्याजवळची शर्यत महाराष्ट्राची कधी झाली ते त्या एकोणीस जणांनाच ठाऊक. पाय पेडलवरून निसटला आणि मी माझ्याच फ्लेक्सच्या बांबूवर जाऊन आदळलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी त्याला नमस्कार केला.

त्या संध्याकाळच्या जेवणाबद्दल थोडं. येळवस होऊन आठवडा झाला होता, पण सासूबाईंनी माझ्यासाठी भज्जी आणि उंडे पुन्हा केले होते. ज्यांनी लातूरकडची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, पाहिली नाही त्यांना सांगतो. त्या दिवशी माणसं शेतात जाऊन जेवतात, आणि ती भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा आणि दिसेल त्या पालेभाज्या बेसनात एकत्र शिजवलेला तो एक दाट प्रकार आहे, वर बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यात आंबवलेलं ताकाचं अंबील. आमच्या नांदेडात पाहुण्याला दोनदा आग्रह करतात. इथं सासूबाई ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या पाठीवर वाढतात. ताटात उंड्यांचा असा डोंगर झाला की पलीकडं बसलेले आप्पा मला दिसेनात. मला तेच हवं होतं.

पण आवाज आलाच. “जावईबापू, तिथं पुण्याला पळताना पहिल्या दोगांत आन् तुमच्यात किती फरक होता?”

“थोडा होता, आप्पा.”

“मंजे दिसत होते का तुमाला ते?”

“मला ते दिसत होते,” मी म्हणालो. हेही खरंच. ते दोघं एकामागोमाग मला मागून गाठून पुढं गेले तेव्हा अगदी स्पष्ट दिसले होते.

शनिवार, लातूर

शर्यत रविवारी. शनिवारी लातूरच्या मैदानावर ट्रॅकच्या स्पर्धा होत्या, त्या बघायचं मी ठरवलं होतं, आणि आप्पांनी दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर यायचं ठरवलं. दुकान ते फक्त शिवरात्रीला बंद ठेवतात.

खरा सायकलचा ट्रॅक कढईसारखा असतो, कडा वर चढलेल्या. इथं तसलं काही नव्हतं. सपाट मैदान, त्यावर फक्कीनं आखलेला चारशे मीटरचा अंडाकृती पट्टा. सायकली मात्र खऱ्या ट्रॅकच्या, म्हणजे त्यांना ब्रेक नाही. आप्पांनी एका सायकलीला खाली वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मला हळूच विचारलं, “ह्या लेकराचा ब्रेक कुणी चोरला का?”

बाकावर बसायला जागा घेतली आणि माझी नजर पंचांच्या टेबलावर गेली. तिथं कुलकर्णी मॅडम बसल्या होत्या. कुलकर्णी मॅडम नांदेडच्या एका कॉलेजात खेळ शिकवतात, वजन माझ्या एका मांडीएवढं, आवाज सकाळच्या रेल्वेएवढा. पुण्याजवळच्या त्या शर्यतीत मला शिट्टी फुंकून बाहेर काढणारी बाई ती हीच. माझ्या पाठीतून गारठा असा उतरला की बसल्या जागी बाकावर दव पडलं.

त्यांनी मला ओळखलं आणि हात हलवला. आप्पांनी ते पाहिलं.

“वळकीच्या हायत का?”

“तोंडओळख.”

“मग भेटू की. उद्याच्या मोठ्या पंच म्हणायलेत त्यांना.”

मी आप्पांना निलंगा राईस खायला नेलं. परत आल्यावर चहाला नेलं. मग पान. त्या एका दिवसात मी त्या सरळ माणसाला एवढं खायला घातलं की चौऱ्याहत्तर वर्षांत त्यांनी बाहेरचं तेवढं खाल्लं नसेल. निलंगा राईस मात्र खावा. पिवळाजर्द, तेलातला, वर चटणी. मी स्वतः दोन प्लेटा उतरवल्या.

मग मुलींची स्प्रिंट लागली. दोघी-दोघींची शर्यत. एक किनवटची सुरेखा, तिकडच्या जंगलातल्या गावची, वसतिगृहात राहून कॉलेज करणारी, दुसरी लातूरचीच. शिट्टी झाली आणि दोघी निघाल्या, दहा-वीस हात गेल्या आणि हळू झाल्या. आणखी हळू. मग चक्क थांबल्या. पाय पेडलवर, हात दांडीवर, सायकल जागच्या जागी थरथरत उभी.

ही या शर्यतीतली युक्ती आहे. पुढं जाईल तिला वारा लागतो, मागची तिच्या आडोशानं येते आणि शेवटी झेप घेते. म्हणून पहिल्यांदा पुढं कुणालाच जायचं नसतं. पण हे मैदानावरच्या लोकांना कोण सांगणार? आमच्याकडच्या प्रत्येक शाळेत स्नेहसंमेलनाला मंद सायकलची शर्यत असते. त्यात सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकतो आणि पाय टेकला की बाद. अख्ख्या मैदानाला वाटलं, तीच लागली आहे.

“टेकू नको गं! पाय टेकू नको!”

“दम धर, किनवट, दम धर!”

सुरेखाला त्या आवाजानं बळ आलं की गोंधळ उडाला देव जाणे, ती उभीच राहिली. लातूरची मुलगी निसटली आणि वाऱ्यासारखी रेषेपार गेली. सुरेखा मागून पोचली तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. “शेवटची आली! जिंकली!” एका म्हाताऱ्यानं तर स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढून तिच्या गळ्यात घातला. ती हरलेली पोरगी रुमाल सांभाळत सगळ्यांना नमस्कार करत राहिली. हरून सत्कार घेणारा मी एकटाच नाही, हे बघून मला जरा बरं वाटलं. फरक इतकाच, की तिनं फोटो कुणाला पाठवला नाही.

आम्ही तिच्याजवळ गेलो. आप्पा म्हणाले, “पोरी, चांगली हुबी राहिलीस.”

ती हसली. “माझं उद्या बघा आजोबा. हे ट्रॅकचं कुलकर्णी मॅडमनी म्हटलं म्हणून केलं. चिखलाचं मी करते. पावसाळ्यात आमच्याकडं शाळेला जायचं म्हणजे सायकल खांद्यावरच. उद्या पहिल्या तिघींत आली तर राज्याच्या शिबिराला घेणार हायेत. त्याच्यासाठीच येऊन राहिली मी एवढ्या लांबून.”

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. “ह्यांना इचार काय इचारायचं ते. हे तिसरे आलेले हायत.”

“कितीजणांत, सर?” तिनं सहज विचारलं.

मला खोकला आला. इतका जोराचा की पलीकडची दोन कुत्री उठून गेली. आणि खोकला थांबेपर्यंत कुलकर्णी मॅडम आमच्यापुढं येऊन उभ्या होत्या.

“शरणार्थ,” आप्पांनी हात जोडले. “मॅडम, पुण्याला तुमीच होताव का, जावयांच्या शर्यतीला?”

मॅडमनी एकदा आप्पांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझं तोंड त्या वेळी कसं झालं असेल ते मी सांगू शकत नाही. मला एवढंच आठवतं की मी डोळ्यांनी त्यांच्या पाया पडत होतो.

“होते ना,” त्या म्हणाल्या. “सरांना विसरणं अवघड आहे.”

आप्पा खूश झाले. परतताना रस्ताभर ते वाक्य त्यांनी अकरा वेळा म्हटलं. मी मोजलं.

रविवार, गायरान

सकाळी गायरानात गेलो तर आयोजकांनी बोअरची मोटार लावून ओढ्याकाठच्या काळ्या रानात पाणी सोडलं होतं. चिखल हवा म्हणून. लातूर जिल्ह्यात, मुद्दाम पाणी सोडून चिखल! माझ्या चुलत चुलत सासूबाई गंगूबाई कमरेवर हात ठेवून बांधावर उभ्या होत्या.

“आमी उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळतो आन् हे पाणी वतून राड करायलेत. येडे का काय हे?”

“खेळ हाय आत्ती तो,” बसवराज म्हणाला. बसवराज माझा चुलत मेहुणा, गावचा पैलवान, खांदे बैलाला लाजवतील असे.

कुलकर्णी मॅडमनी आम्हा सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. पहिल्या माणसानं फेऱ्यानं गाठलं की बाहेर. आणि दुसरं: सायकल ज्याची त्यानं उचलायची, दुसऱ्या कुणाचा हात लागला तर बाद. हे त्या आम्हा स्पर्धकांना म्हणाल्या. गावाला कुणी सांगितलं नाही. गावाला सांगायची गरज असते हे त्यांना कसं माहीत असणार?

आमच्या गटात सात जण होते. सुरुवात आमची, मग मुलींची. शिट्टी झाली आणि पहिल्या शंभर पावलांतच सहा जण पुढं गेले, मी मागं, आणि माझ्या पोटातला नारळ माझ्याही पुढं. काळी माती चाकाला अशी चिकटली की फेऱ्याला पावशेर नव्हे, पायलीभर वजन वाढत होतं. अर्ध्या फेऱ्यात माझी सायकल गाभण म्हशीएवढी झाली.

मग तो चढ आला. ओढ्यातून वर यायचा. पालीलासुद्धा दोनदा विचार करावा लागेल इतका उभा. तिथं सायकल खांद्यावर घेतल्याशिवाय इलाज नाही. मी घेतली. वर अख्खं गाव उभं होतं. मघापासून “जावई! जावई!” ओरडत होतं ते एकदम गप्प झालं.

त्या शांततेचा अर्थ मला पहिल्या फेरीत कळला नाही. दुसऱ्या फेरीत कळला. मी चढ चढत असताना वरून एक म्हातारा हळहळत म्हणाला, “आरं आरं, जावयाच्या खांद्यावर वझं!”

“घाला रं तोंडात शेण,” गंगूबाई ओरडल्या. “गावात एवढे बाप्पे हायत आन् जावई हमाली करायला!”

वाचकांपैकी जे शहरातले असतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जावयानं सासरवाडीत पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायचा नसतो. माझ्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी इथं स्वतःची बॅग स्वतः उचलली म्हणून आप्पांच्या दोन चुलत भावांत महिनाभर अबोला होता. आणि इथं मी चिखलानं माखून, धापा टाकत, त्यांच्या डोळ्यांदेखत सायकल वाहत होतो.

तिसऱ्या फेरीला पहिला स्पर्धक माझ्या मागं दिसायला लागला. वळणापलीकडं त्याची पिवळी टोपी. तो आता गाठणार, शिट्टी होणार, आणि सगळ्या गावासमोर ‘महाराष्ट्रात तिसरे’ सगळ्यात आधी बाहेर निघणार. चढाच्या तळाशी मी सायकल उचलली आणि एकाएकी ती हलकी झाली. मला वाटलं, जीव गेला. डोळे उघडून बघतो तर बसवराज! एका हातानं त्यानं सायकल काढून घेतली होती आणि दुसऱ्यानं माझी कोपर धरली होती.

“या दाजी, सावकाश या. पायाखाली बगा.”

आणि तो सायकल घेऊन चढ चढून गेला. मी मागून रिकाम्या हातानं, परण्या निघालेल्या नवरदेवासारखा. वरून बायकांनी टाळ्या वाजवल्या.

शिट्टी वाजली.

“बाद!” कुलकर्णी मॅडम धावत आल्या. “सर, बाहेरची मदत घेतलीत. तुम्ही बाद.”

खरं सांगतो, आणि यात तिप्पट काही नाही: आयुष्यात मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. सुटलो! मी हरलो नव्हतो. प्रेमानं बाद झालो होतो. आता जन्मभर म्हणता येणार होतं, ‘त्या दिवशी बसवराजनं सायकल उचलली नसती तर...’ पिवळी टोपी माझ्या शेजारून गेली तेव्हा मी मान खाली घालून दुःखी चेहरा केला. चांगला जमला असावा, कारण गाव पेटलं.

“बाद कसं काय? आमच्या जावयाला?”

“आमचं गायरान, आमचं पाणी, आन् आमचाच जावई भाईर?”

पाहता पाहता मॅडमभोवती तीसचाळीस माणसं जमली. बसवराज शर्यतीची वाट आखलेली खुंट्यांची दोरी उपटायला निघाला. “शर्यतच बंद करा! एक बी सायकल फिरू देयाची न्हाई इथून!” पलीकडं मुली रेषेवर येऊन उभ्या होत्या. त्यांच्यात सुरेखा, सायकलीची दांडी दोन्ही हातांनी धरून, एकदा दोरीकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

आणि मॅडम? त्या बाईला एका वाक्यात सुटता आलं असतं. ‘तुमचे जावई तसेही शेवटचे होते, आणि पुण्याला तिघांत तिसरे.’ एवढं म्हटलं असतं की गाव जागच्या जागी गार पडलं असतं. त्यांनी ते म्हटलं नाही. शिव्या ऐकत त्या एकच शब्द म्हणत राहिल्या, “नियम आहे. नियम आहे.” एकदा फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी गप्प होतो. किती वेळ ते सांगत नाही. सांगण्यासारखा नाही. दोरीचा तिसरा खुंटा निघाला तेव्हा मी पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढलो.

“थांबा!” आवाज चिरकला. “मॅडमचं बरोबर आहे. दुसऱ्याचा हात लागला की बाद, हे मला माहीत होतं. मी बसवराजला नको म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. मला बरंच वाटलं. आणि ऐका, तो आला नसता तरी मला पुढच्या दोन मिनिटांत बाहेर काढलंच असतं. मी शेवटचा होतो. सातांत सातवा.”

मला आप्पा दिसले. गर्दीच्या कडेला, धोतराचा सोगा हातात. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तोंड एकदा उलट्या दिशेनं सुटलं ते थांबेना.

“आणि पुण्याजवळ मी तिसरा आलो ते तिघांत. तीनच जण होते. तिथंही मला मधूनच काढलं होतं. महाराष्ट्रबिहाराष्ट्र काही नाही. तो फ्लेक्स खोटा आहे.”

इतकी शांतता झाली की बोअरची मोटार ऐकू यायला लागली. मग बसवराजनं हातातला खुंटा खाली टाकला. त्याचे डोळे भरून आले होते.

“बगा,” तो गावाकडं वळून म्हणाला, “ह्याला म्हणतेत मोठं मन! परक्याच्या पोरींची शर्यत मोडू नये म्हणून माणसानं स्वतःवर कमीपणा घेतला. स्वतःला सातवा म्हणला!”

“तिघांत तिसरा म्हणला!” गंगूबाईंनी पदर डोळ्याला लावला. “आसा जावई मिळायला नशीब लागतं बाई.”

“बसवराज, खरंच तिघंच...”

“बास दाजी. बास. किती लाजविताव आमाला?”

मला ओट्यावरून खाली घेतलं, खांद्यावर. मी जितकं ‘खरं सांगतोय’ म्हणत होतो तितका जयजयकार वाढत होता. शेजारून जाताना कुलकर्णी मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, आता मी सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही.”

खुंटे परत ठोकले आणि मुलींची शर्यत झाली. ती मात्र बघण्यासारखी झाली. चढाच्या दोन्ही बाजूंना अख्खं गाव हात पाठीमागं बांधून उभं. बसवराज मॅडमपेक्षा कडक. कुणाचा हात जरा पुढं आला की हा ओरडायचा, “मागं! नियम हाय!” सुरेखा चिखलातून आली ती सायकल खांद्यावर टाकून, एका दमात, जणू कळशी घेऊन घरी निघाली आहे. शेवटच्या फेरीला पाय घसरून पालथी पडली, तोंडभर माती. गंगूबाईंनी तोंडात पदर कोंबला पण हात पाठीमागचा काढला नाही. पोरगी उठली, सायकल उचलली, दुसरी आली.

“कितीजणीत?” कुणीतरी विचारलं.

“अकरा,” ती म्हणाली. मी पायाकडं बघितलं.

दुपारी निघालो. दुकानापाशी आप्पा गाडीजवळ आले. महानंदा सासूबाईंनी दिलेले डबे मागं लावत होती. आप्पांनी काचेवर हात ठेवला.

“जावईबापू, गावानं तुमचं आयकलं न्हाई. म्या आयकलं.”

मी दार उघडून खाली उतरलो.

“तिगंच होते?”

“तिघंच, आप्पा.”

“आन् परवा नांदेडहून सायकलीवर आलाव ते?”

“वेशीबाहेरचे शेवटचे दोन किलोमीटर फक्त.”

आप्पांनी काचेवरचा हात काढला. मला वाटलं, आता दुसरी शिवी. “पुढल्या साली बी शर्यत इथंच घ्यायची म्हणायलेत,” ते म्हणाले. “फ्लेक्स मी काढून ठिवतो. तुमी आट जणांत सातवे या, मग लावू.”

वर्षाला तीनशे पासष्ट दिवस असतात. गोळा अजून पोटात आहे, फक्त तो आता रोज सकाळी मला उठवतो. मी गोदावरीच्या घाटावर जातो, सायकल खांद्यावर घेतो आणि पायऱ्या चढतो. चाळीस पायऱ्या आहेत. सव्विसाव्या पायरीला जीव डोळ्यांत येतो. फिरायला आलेली माणसं थांबून विचारतात, “मास्तर, पंक्चर झाली का?” बरेच दिवस मी “हाव” म्हणायचो. परवा पहिल्यांदाच म्हणालो, “न्हाई. चढायला शिकून राहिलो.”